स्टिअरिंग घरात आलंच आहे, तर आपणही बसून बघू या!

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ठराविक गोष्टी येतात. विणकाम, भरतकाम, गच्चीतल्या कुंड्या, फार तर पेटी नाहीतर सतार. मोटारींच्या शर्यतींचं नाव त्यात कुणी घेत नाही. ते पुरुषांचं, त्यातून पैसेवाल्या पुरुषांचं, असं आपण धरूनच चालतो. पण अलीकडे बऱ्याच घरांत एक नवी वस्तू शिरली आहे. टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग आणि टेबलाखाली तीन पेडलं! कुणाच्या मुलानं हट्ट करून घेतलेली, कुणाच्या दिरानं पहिल्या पगारातून आणलेली. आपण तिच्यावरची धूळ झटकतो, वायर पायात येते म्हणून कुरकुरतो आणि कामाला लागतो.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी धूळ झटकून झाली की जरा त्या खुर्चीवर बसून बघा, एवढंच मला सांगायचं आहे. ह्याला 'सिम रेसिंग' म्हणतात. हा पोरखेळ नाही. रोज थोडा थोडा रियाज करावा, असा हा छंद आहे. घरबसल्या होतो, आणि आपल्या हाताला तो चांगला बसतो.

आमचे धाकटे दीर नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि त्यांचं स्टिअरिंग आमच्याकडे राहिलं. सकाळची शाळा, मग जेवणं, मागचं आवरणं झालं की दुपारी तासभर माझा असतो. दोन वर्षं मी तो तास ह्यात घालवते आहे. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

हा खेळ निराळा कसा?

मुलांचे मोटारींचे खेळ आपण पाहिलेले असतात. गाडी भिंतीवर आपटते आणि पुन्हा सुसाट सुटते. इथे तसं नाही. विमानचालकांना जमिनीवरच्या यंत्रात बसवून शिकवतात ना, त्याच जातीचा हा प्रकार. टायर किती तापला, इंधनाचं वजन किती, ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे किती आला, ह्याचा हिशेब संगणक सतत करत असतो. चांगल्या खेळांतले ट्रॅकही मनाचे नसतात. खऱ्या ट्रॅकची लेसरनं मोजणी करून त्यातले उंचवटे आणि खड्डेसुद्धा उतरवलेले असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लगुना सेका नावाचा ट्रॅक आहे. तिथे 'कॉर्कस्क्रू' हे वळण उतरताना गाडी सुमारे १८ मीटर खाली जाते. घरात खुर्चीवर बसून ते पहिल्यांदा उतरताना माझ्या पोटात गोळा आला होता.

आणि ते स्टिअरिंग नुसतं फिरत नाही, बोलतं. आत मोटर असते. पुढच्या टायरांची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हाताला एकदम हलकं लागतं. कणीक मळताना पाणी जास्त झालं की बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. अगदी तसंच हे आहे.

ह्या प्रकाराचा इतिहासही बराच जुना आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या पॅपिरस कंपनीनं इंडियानापोलिसच्या शर्यतीवर असा खेळ काढला होता. जपानचा 'ग्रॅन टुरिस्मो' १९९७ मध्ये आला. 'आयरेसिंग' २००८ मध्ये आणि इटलीचा 'असेटो कोर्सा' २०१४ मध्ये. वेल्समध्ये वाढलेला यान मार्डनबरो हा मुलगा २०११ साली ग्रॅन टुरिस्मोची स्पर्धा जिंकला, आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत त्याच्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला.

आधी खर्चाचं बोलू

स्टिअरिंग घरात नसेल तर लगेच दुकान गाठू नका. मुलांचं प्लेस्टेशन असेल तर 'ग्रॅन टुरिस्मो ७' साध्या हातातल्या कंट्रोलरवरही चालतो. महिनाभर खेळून गोडी लागली तरच पुढचं बघा. बऱ्यापैकी संगणक असेल तर 'असेटो कोर्सा' घ्या. जुना असल्यामुळे सवलतीत स्वस्त मिळतो.

पहिलं स्टिअरिंग साधं असावं. लॉजिटेकचं जी २९ पेडलांसकट वीस ते तीस हजारांच्या दरम्यान येतं. ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच वेळा फिरतं, खऱ्या गाडीसारखं. मात्र घेण्याआधी नीट विचारा. जी २९ प्लेस्टेशनला आणि संगणकाला चालतं, एक्सबॉक्सला चालत नाही. एक्सबॉक्ससाठी त्यांचंच जी ९२० आहे. अशा वस्तू पुष्कळ जण हौसेनं घेतात आणि वर्षभरात विकायला काढतात. त्यामुळे वापरलेलं चांगलं मिळू शकतं, पण जोडून, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढे वाढवायचंच झालं तर आधी पेडलं वाढवा, स्टिअरिंग नंतर. हे ऐकायला उलटं वाटेल. पण साध्या पेडलावर पाय किती खाली गेला हे मोजलं जातं, आणि 'लोडसेल'च्या पेडलावर पाय किती जोरानं दाबला हे मोजलं जातं. पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर लक्षात राहतो. वेळ सुधारते ती ह्यानं. महागडी 'डायरेक्ट ड्राइव्ह' स्टिअरिंगं छान असतात, पण त्यांचा जोर मोठा असतो. लहान मुलं हात लावणार असतील तर तो कमी करून ठेवावा, नाहीतर मनगट किंवा अंगठा दुखावतो.

वाणसामानाच्या यादीत जसे किरकोळ खर्च लपलेले असतात तसे इथेही असतात. आयरेसिंगला वर्गणी भरावी लागते, आणि सुरुवातीला मिळतात त्यापलीकडच्या गाड्या आणि ट्रॅक सुटे विकत घ्यावे लागतात. ग्रॅन टुरिस्मोत खऱ्या पैशांनी खेळातले पैसे घेता येतात. त्याची काहीही गरज नसते. घरात मुलं असतील तर कार्डाचा नंबर त्यात साठवून ठेवूच नका.

बसायची जागा

चाकांची खुर्ची अजिबात नको. ब्रेक दाबला की आपणच मागे जातो! जेवणाच्या टेबलाची चार पायांची खुर्ची उत्तम. टेबल काचेचं नसावं, कारण स्टिअरिंग त्याला घट्ट आवळायचं असतं. गुळगुळीत फरशीवर पेडलं सरकतात. ती भिंतीला टेकवा, नाहीतर मागे जड पाट अडकवा. पडदा शक्य तितका जवळ, स्टिअरिंगच्या लगेच मागे हवा. आठ फुटांवरच्या टीव्हीवर वळणाचा अंदाज येत नाही. पेडलांचा दणका खालच्या मजल्यावर जातो, म्हणून खाली जुनी सतरंजी घडी करून घाला. दुपारची झोप शेजाऱ्यांनाही प्यारी असते.

वळण म्हणजे महिन्याचा पगार

पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच होतं. जोरात जायचं, वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचा आणि मातीत जायचं. ह्यामागचं कारण समजलं की अर्धा खेळ आला.

टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. त्यातूनच ब्रेक, त्यातूनच वळण, त्यातूनच वेग. सगळा पगार ब्रेकवर उडवला तर वळायला काही उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच लावायचा, आधी जोरात, मग पाय हळूहळू सोडत आणायचा. जसजसा ब्रेक सुटेल तसतशी पकड वळणासाठी मोकळी होते. वळणात बाहेरच्या कडेनं शिरायचं, आतल्या कडेला चाटून जायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं. अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंग सरळ व्हायला लागल्यावरच दाबायचा. आत शिरताना जो हळू तो बाहेर पडताना पुढे, हे ह्या खेळातलं सगळ्यात मोठं गुपित. आणि नजर? ती बॉनेटवर नाही, पुढच्या वळणावर ठेवायची.

सुरुवातीला एकच गाडी आणि एकच ट्रॅक धरा. माझी शिफारस माझदा एमएक्स ५ ची. लहान, हलकी, फार ताकद नसलेली. आयरेसिंगमध्ये ती सुरुवातीलाच मिळते. तिच्यासोबत लाइम रॉक नावाचा छोटा ट्रॅकही मिळतो, त्यावर एक फेरी मिनिटभराची. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगचा २० किलोमीटरहून लांब ट्रॅक पाहून मोह होतो, पण तो नंतर. सलग दहा फेऱ्या गाडी न घसरता झाल्या की मगच वेगाकडे बघायचं. ग्रॅन टुरिस्मोत ह्यासाठी लायसन्सच्या परीक्षा आहेत. एकेक वळण सुटं करून शिकवतात. मास्तरीण म्हणून सांगते, धड्यांची रचना सुरेख आहे.

आमच्या सासूबाई एकदा मागे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, इतका वेळ गोल गोल फिरतेस, पोचतेस कुठे?" मी म्हटलं, "आई, तुम्ही जपाची माळ ओढता ती कुठे पोचते?" त्या हसल्या. आता अधूनमधून माझी फेरीची वेळ विचारतात.

चारचौघांत उतरताना

हात बसला की जगभरातल्या माणसांशी शर्यत लावता येते. इथली एक पद्धत मला फार आवडली. आयरेसिंगमध्ये वेगाइतकाच सुरक्षितपणालाही मान आहे. ट्रॅक सोडला तर एक दोषगुण, ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर चार. धडक कुणाच्या चुकीनं झाली हे यंत्र बघत नाही, दोघांनाही दोषगुण लागतात. पहिल्यांदा अन्याय वाटतो. पण मग आपण समोरच्याचा अंदाज घेऊन चालवायला शिकतो. शर्यत सुरू झाल्यावर पहिल्याच वळणावर घुसाघुस होते. तिथे दोन जागा सोडून देणारी बाई शेवटी चार जागा पुढे असते, हे मी कितीदा पाहिलं आहे!

बाईमाणूस म्हणून कुणी काही बोलेल का, ही शंका रास्त आहे. आयरेसिंगमध्ये खऱ्या नावानं उतरावं लागतं, ग्रॅन टुरिस्मोत टोपणनाव चालतं. बोलण्याची सोय बंद करून ठेवता येते, मी ती बंदच ठेवते. गाडीला मात्र कळत नाही आत कोण बसलंय ते. २०२० मध्ये साथीमुळे स्त्रियांची 'डब्ल्यू सीरीज' ही स्पर्धा रद्द झाली, तेव्हा त्या सगळ्या जणी घरून आयरेसिंगवर लढल्या आणि नेदरलँड्सची बाइट्स्के व्हिसर जिंकली. खऱ्या ट्रॅकवरचं उदाहरण हवं असेल तर आपल्या पुण्याच्या डायना पुंडोले आहेत. दोन मुलांची आई असलेल्या डायनांनी २०२४ मध्ये मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. हे मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

रस्त्यावर ह्याचा उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्या जणी विचारतात, आणि त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींचं लायसन्स कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत पडलेलं असतं. गाडी दारात असते, किल्ली मात्र 'ह्यां'च्या खिशात. कधी चालवायला बसलोच तर शेजारून "ब्रेक, ब्रेक! अगं, ब्रेक!" असा गजर. हात गळून जातात. मग आपणच म्हणतो, नको बाई ती भानगड.

तर खरं तेच सांगते. शर्यतीच्या ट्रॅकवर रिक्षा नसते, गाय नसते, उलट्या बाजूनं येणारा स्कूटरवाला नसतो. रस्त्याचं शिक्षण रस्त्यावरच, चांगल्या शिकवणाऱ्याकडेच घ्यावं लागतं. खेळातला वेग रस्त्यावर आणायचा नाही, हे तर सांगायलाच नको. आणखी एक महत्त्वाचं. पुष्कळ जण खेळात डाव्या पायानं ब्रेक दाबतात. तुम्ही खरी गाडी चालवत असाल तर ही सवय लावून घेऊ नका, ब्रेक उजव्याच पायानं दाबा.

पण काही गोष्टी नक्की बरोबर येतात. नजर लांब ठेवणं. हात आणि पाय हिसका न देता चालवणं. गाडी घसरली तर किंचाळून डोळे न मिटणं. आणि सर्वांत मोठं म्हणजे, शेजारी कुणी ओरडत नसताना शंभर वेळा चुकायची मुभा. चुकलं की एक बटण दाबायचं, गाडी पुन्हा जागेवर. कुणाला दुरुस्तीचं बिल नाही, कुणाची बोलणी नाहीत. आम्हां बायकांना अशी मुभा दुसरीकडे कुठे मिळते, सांगा बरं?

सुरुवात करताना एवढं पाळा

एका वेळी अर्धा ते पाऊण तासच बसा. खांदे, मनगटं आखडली की उठा. डोळ्यांना लावायच्या 'व्हीआर'च्या चष्म्यानं सुरुवात करू नका, मळमळतं. गाडीत उलटी होणाऱ्यांनी तर मुळीच नाही. वही ठेवा. तारीख, ट्रॅक, सर्वांत चांगली वेळ आणि त्या दिवशी कळलेली एक गोष्ट लिहा. महिन्यानं ती वही चाळताना जो आनंद होतो तो वेगळाच.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. आपला तास ठरवून घ्या आणि घरात तो सांगून टाका. मुलांनी, ह्यांनी त्या वेळेत स्टिअरिंगवर हक्क सांगायचा नाही. चहा हवा असेल तर गॅस कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.