परसातल्या कोंबड्या आणि घरातले रांगते मूल

आपला सांगोला तालुका पावसाच्या भरवशाचा नाही. ज्वारी हाताला लागेल की नाही, डाळिंबाचा बहर टिकेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कोणत्याही वाडीवस्तीवर जा, दोन शेळ्या आणि पाच-दहा गावरान कोंबड्या दिसणारच. दिवसभर उकिरडा उकरून, किडामुंगी आणि सांडलेले दाणे टिपून त्या आपले पोट आपणच भरतात. अंड्यांचा पैसाही बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. पोराची वही, एसटीचे तिकीट, वेळप्रसंगी डॉक्टरची फी त्यातूनच निघते.

म्हणून ‘कोंबड्या विकून टाका’ असा सल्ला मी सहसा देत नाही. मात्र दवाखान्यात येणाऱ्या काही आजारांचा माग काढत गेले, की तो कोंबड्यांच्या डालग्यापाशी जाऊन थांबतो. तेव्हा कोंबड्या कशा पाळाव्यात, याचा आरोग्याच्या बाजूने विचार आज करू.

अंडे कोणते आणि कसे खावे?

एका अंड्यात साधारण पाच-सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. शिवाय ‘अ’, ‘ड’ आणि ‘ब-१२’ ही जीवनसत्त्वे मिळतात. कवच तांबूस आहे की पांढरे, यावर पोषण ठरत नाही. ‘अंडे उष्ण पडते’ या समजुतीपायी गर्भारशीला आणि बाळंतिणीला ते नाकारले जाते, त्याला आधार नाही. सहा महिन्यांनंतर बाळालाही चांगले उकडलेले अंडे कुस्करून थोडे थोडे देता येते. अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या झाल्या, तर मात्र थांबून डॉक्टरला विचारावे. सगळी अंडी विकून त्या पैशाची बिस्किटे आणण्यात पोराचे नुकसानच आहे. आधी घरातल्या लहानांचा वाटा बाजूला काढावा, मग बाकीची विकावीत.

तालमीतली पोरे कच्ची अंडी दुधात फेटून पितात. यात ताकदीचे काही नाही. कच्च्यापेक्षा शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने अंगी जास्त लागतात. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जाऊन जुलाब आणि ताप येऊ शकतो. पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवावे.

कोंबडा हवाच का?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. पोल्ट्रीतल्या कोंबड्या कोंबड्याशिवायच अंडी घालतात, त्यातून पिल्लू निघत नाही. महात्मा गांधी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ज्याला दूध चालते त्याने अशा निर्जीव अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे मत त्यांनी त्यात मांडले आहे. पोषणाच्या दृष्टीने दोन्ही अंडी सारखीच.

पण परसात कळप टिकवायचा तर कोंबडा लागतोच. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसली की पिल्ले निघतात. घार दिसली की कोंबडाच आधी ओरडून सावध करतो. दोन कोंबडे ठेवले तर भांडणे होतात, जादा कोंबडा आखाडात चांगल्या भावाने जातो. दर दोन वर्षांनी कोंबडा दुसऱ्या गावचा आणावा, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास होत नाही. आठवडे बाजारातून आणलेला कोंबडा मात्र आल्याबरोबर कळपात सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळा बांधून पाहावा.

कोंबड्याच्या पायावर मागे जो टोकदार काटा असतो, त्याने तो अंगावर येऊन जखम करतो. लहान मुलाच्या डोळ्याला धोका असतो. असा मारका कोंबडा ठेवू नये. जखम झाल्यास साबण लावून वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जावे. कोंबड्यामुळे कुत्र्यासारखा पिसाळ रोग होत नाही, ती भीती नको.

डालगे चुलीपाशी नको

गेल्या वर्षी एका वस्तीवरचे सव्वा वर्षाचे मूल तीन महिन्यांत चौथ्यांदा जुलाबासाठी दवाखान्यात आले. वजन सात किलोवर अडकलेले. घरात पाणी उकळून देत होते, दूध वाटी-चमच्याने पाजत होते. खोदून विचारल्यावर कळले, की बोक्याच्या आणि मुंगसाच्या भीतीने अकरा कोंबड्या रात्री घरातच, चुलीच्या कोपऱ्यात डाललेल्या असतात. सकाळी डालगे उचलले, की त्याच जमिनीवर मूल रांगते. जमीन झाडली, सारवली तरी विष्ठेचा अंश राहतोच, आणि या वयात मुलाचा हात सारखा तोंडात असतो.

कोंबड्या विकण्याचा सल्ला त्यांना आधीच कुणीतरी दिला होता. आजी म्हणाली, “डाक्तर, कोंबड्या इकल्यावर माझ्या हातात काय ऱ्हातंय?” तिचे म्हणणे खरे होते. मी म्हटले, “आजी, विकू नका. फक्त घराबाहेर काढा.” त्यांनी परसात खुराडे केले. पुढच्या सहा महिन्यांत जुलाब एकदाच झाले आणि वजन हळूहळू वाढू लागले.

एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण इथिओपियातल्या खेड्यांतील कुटुंबांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असेच चित्र दिसले. कोंबड्या पाळणाऱ्या घरांतल्या मुलांची उंची तुलनेने बरी होती, पण जिथे कोंबड्या रात्री राहत्या घरात ठेवल्या जात, तिथे मुलांची वाढ कमी दिसली. कोंबडी तीच, फरक तिच्या निजण्याच्या जागेचा.

“आमच्या आजीच्या काळी कोंबड्या घरातच होत्या, कुणाला काय झाले?” असे काही जण म्हणतात. त्या काळी आजीची किती लेकरे दगावली, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. दात येताना लागलेले जुलाब, दृष्ट, बाहेरची बाधा अशी नावे देऊन ती दुःखे गिळली गेली.

खुराडे कसे असावे?

दहा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. घरापासून पंधरा-वीस पावलांवर, दगड किंवा विटा रचून दीड-दोन फूट उंच करावे. तळाला फटी ठेवून बांबू किंवा फळ्या टाकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते. बाजूंना बारीक छिद्रांची जाळी, वर पत्रा आणि दाराला पक्की कडी हवी. उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा टाकावा. विष्ठा आठवड्याला काढून खड्ड्यात कुजवली, तर झाडांना उत्तम खत होते. झाडताना आधी पाणी शिंपडावे, नाकाला फडके बांधावे. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. काम झाल्यावर आणि अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुवावेत.

सांडलेल्या दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांच्या, पिल्लांच्या मागे साप येतो. म्हणून अंधारात खुराड्यात हात घालू नये, बॅटरी घेऊनच जावे. साप चावल्यास काप घेऊ नये, आवळून बांधू नये, देवरुषाकडे वेळ घालवू नये. तडक सरकारी रुग्णालय गाठावे.

कोंबड्या मरू लागल्यास

हिरवट हगवण, वाकडी होणारी मान आणि भराभर मरणाऱ्या कोंबड्या, ही आपल्याकडची मानमोडी. तिलाच राणीखेत म्हणतात. तिच्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी इंजेक्शन. अडचण एवढीच, की लशीच्या बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि फोडलेली बाटली ठेवता येत नाही. यावर उपाय म्हणजे सगळ्या वस्तीने एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घेणे.

साथ आली की ‘मरण्यापेक्षा कापलेली बरी’ म्हणून आजारी कोंबड्या कापून खाण्याची किंवा स्वस्तात विकण्याची चाल आहे. ती सोडावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात तो आढळला. हा आजार माणसाला क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीत एका मुलाचा त्याने मृत्यू झाला. नीट शिजवलेल्या मटणात विषाणू टिकत नाही, खरा धोका आजारी कोंबडी कापताना आणि सोलताना असतो.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, ओढ्यात टाकू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि ते सांगतील तसे पुरावे. त्यानंतर दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरला कोंबड्यांची हकीकत आपण होऊन सांगावी.

ज्या घरात रांगते मूल आहे आणि डालगे अजून आत आहे, त्यांनी खुराड्याचे काम पावसाळ्यापर्यंत लांबवू नये. दगड परसात असतातच. जाळी, पत्रा आणि एका दिवसाची मेहनत, एवढाच काय तो खर्च.