दोन व्हॉल्व्ह, दोन धातू

इंजिनाचं हेड उतरवून बाकावर उलटं ठेवलं की हातात एक चुंबक घ्यावं. इनटेक व्हॉल्व्हला ते चटकन चिकटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र अनेकदा असं होतं की दांडीला चुंबक धरतं आणि डोक्यावर नेलं की सुटतं. दिसायला व्हॉल्व्ह अखंड, पण धातू दोन. एक तुकडा दुसऱ्यावर गरागरा फिरवून, घर्षणाच्या उष्णतेने तो सांधा जोडलेला असतो. डोक्याचं पोलाद ताप सोसणारं, दांडीचं पोलाद घासणं सोसणारं. रोजच्या साध्या गाडीतसुद्धा कुणीतरी एवढा विचार करून ठेवलेला असतो. ताकदीचं इंजिन बांधायला निघालेल्याने कॅटलॉग उघडण्याआधी हा सांधा नीट पाहून घ्यावा.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरतं, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. इनटेकच्या अंगावरून दर वेळी गार हवा जाते, म्हणून तो फार तापत नाही. एक्झॉस्टच्या अंगावरून जळता वायू जातो आणि त्याचं डोकं ७००-८०० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचतं. तिथे तो लालबुंद असतो, आणि त्या अवस्थेत सीटवर आपटत असतो. एकाच सिलिंडरमधल्या या दोघांचं दुखणं इतकं वेगळं आहे की दोघांना एकच धातू घ्यायचा हट्ट मला कधीच पटला नाही.

या दुखण्याचा चोख विचार पाहायचा असेल तर शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ या गाडीसाठी २००६ मध्ये आलेलं एलएस७ इंजिन पाहावं. सात लिटर, आठ सिलिंडर, ५०५ अश्वशक्ती. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर, म्हणजे रचना जुन्या वळणाची. तरीही ते ७,००० फेऱ्यांपर्यंत जातं. आधीच्या एलएस२ इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह दोन इंच व्यासाचा होता, एलएस७ चा २.२० इंच. क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच वाढलं, पण वजन २१ ग्रॅमने उतरलं, कारण नवा व्हॉल्व्ह टायटॅनियमचा होता. एक्झॉस्टला मात्र टायटॅनियम नाही. तिथे पोकळ दांडीचा, आत सोडियम भरलेला पोलादी व्हॉल्व्ह आहे.

२१ ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. व्हॉल्व्हला मागे खेचायचं काम स्प्रिंगचं, आणि त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ६,००० वरून ७,००० वर गेलात की वेग सहाव्या हिश्श्याने वाढला, पण जोर ३६ टक्क्यांनी वाढायला हवा. स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडतो, तरंगतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. त्यानंतर इंजिनात वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. स्प्रिंग कडक करून हे टाळता येतं, पण मग कॅम, रॉकर, पुशरॉड सगळ्यांवर ताण चढतो. वजनच कमी केलं तर ही सगळी साखळी सुटकेचा श्वास टाकते. टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे चाळीस टक्के हलकं.

पण टायटॅनियम एकटं येत नाही. ते स्वभावाने चिकट. दुसऱ्या धातूवर घासलं की ओरबाडलं जातं. म्हणून दांडीवर मॉलिब्डेनम किंवा क्रोमियम नायट्राइडचा थर लागतो, वरच्या टोकाला बऱ्याचदा कडक पोलादाची टोपी. सीटही साधी चालत नाही, तांब्याच्या मिश्रधातूची मऊ सीट त्याला मानवते. उष्णता तर ते फारच हळू सोडतं. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेलं नेहमीचं टायटॅनियम इनटेकला उत्तम, एक्झॉस्टच्या तापात मात्र त्याची ताकद ढासळते. शर्यतीच्या इंजिनात एक्झॉस्टलाही टायटॅनियम घालतात, पण ते वेगळ्या मिश्रणाचं, आणि ठरलेल्या मुदतीत काढून टाकायच्या बोलीवर. टोयोटाने १९९८ मध्ये अल्टेझा गाडीत दोन्ही बाजूंना टायटॅनियम दिलं होतं, पण त्यासाठी धातूच्या भुकटीपासून खास मिश्रण घडवावं लागलं.

सोडियमची कल्पना त्याहून जुनी, आणि मला सगळ्यांत आवडणारी. सॅम हेरन नावाचा इंग्रज अभियंता पहिल्या महायुद्धात फार्नबरोला विमानांच्या सिलिंडरवर काम करत होता; पुढे तो अमेरिकेत गेला. विमानांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून जायचे, म्हणून त्याने व्हॉल्व्हच आतून गार करायचं ठरवलं. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही. दांडीच्या पोकळीत ते अर्धवटच भरतात. इंजिन चालू झालं की पातळ झालेलं सोडियम वरखाली हिंदकळतं, डोक्याचा ताप उचलून दांडीकडे नेतं, दांडी तो गाइडला देते. एरवी व्हॉल्व्हचा बहुतेक ताप सीटवाटे जातो. इथे त्याला दुसरी वाट मिळते. पण मग गाइडवर भार वाढतो, हे विसरायचं नाही. गाइड सैल असेल तर सगळा फायदा वाया.

टर्बो लावणार असाल तर गणित बदलतं. एक्झॉस्टचा वायू ९०० अंशांच्या पुढे जाऊ लागला की इन्कोनेल लागतं. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास निकेल, म्हणून तापातही ते ताठ राहतं. ते वजनाला हलकं नाही, स्वस्तही नाही. इनटेकला ते घालणं म्हणजे पैसे आणि ग्रॅम दोन्ही फुकट घालवणं.

आणि टर्बो नसलेलं, रस्त्यावर रोज धावणारं, ६,५००-७,००० फेऱ्यांचं इंजिन असेल? त्याला २१-४एन पुरतं. त्याच्या नावातच कृती आहे: २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि नायट्रोजन. चांगल्या कारखान्याचा, टोकाला कडक केलेला, अखंड २१-४एन व्हॉल्व्ह आणि नेमकी कापलेली सीट, यावर कित्येक वर्षं निघतात. टायटॅनियमवर जाणारे पैसे त्या इंजिनात हेडच्या पोर्टवर आणि सीट कटिंगवर घालावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी दोन विनंत्या. पोलादी व्हॉल्व्ह बसवताना आपण पेस्ट लावून तो सीटवर फिरवतो. सीटभर राखाडी कडं उमटलं की समाधान होतं. टायटॅनियमच्या थर दिलेल्या व्हॉल्व्हला ती पेस्ट लावू नका. थर गेला की व्हॉल्व्ह गेला. आणि पोकळ दांडीचा जुना व्हॉल्व्ह कापू नका, ग्राइंडरवर धरू नका, न सांगता भंगारात टाकू नका. आतल्या सोडियमला पाणी लागलं तर ते पेट घेतं.