जुन्या मोटारीचे इशाऱ्याचे दिवे

तारकर्ली हें गांव मालवणच्या दक्षिणेस, पश्चिमेचा समुद्र व पूर्वेची कर्ली नदी यांच्यामधील चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर वसलेलें आहे. पुढें देवबागपाशीं ती नदी समुद्रास मिळते. या भूरचनेमुळें गांवीं पाहुणे येतात, आणि कुडाळ स्थानकापासून त्यांची ने-आण करणारी मोटार ही कित्येक घरांची उपजीविका झाली आहे. परंतु जो खारा वारा पाहुण्यांस आल्हाद देतो, तोच मोटारीच्या धातूस रात्रंदिवस कुरतडीत असतो. गाडी आठ-दहा वर्षांची झाली म्हणजे समोरच्या फळीवरील इशाऱ्याचे दिवे वारंवार लागूं लागतात. एक भाग बदलला कीं दिवा विझतो आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां लागतो. घरचा पैसा जातो, दोष मात्र तसाच राहतो. असें कां घडतें व मूळ दोष कसा शोधावा, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दिव्यांचा अर्थ पाहूं. तांबडा दिवा थांबावयास सांगतो. पिवळा दिवा लवकर लक्ष देण्यास सांगतो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागल्यास गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. तेलाचा दाब नसतां तें थोड्याच मिनिटांत निकामी होऊं शकतें. इंजिन तापल्याचा दिवा लागल्यासही थांबावें, आणि तें निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालील उकळतें पाणी उसळून अंग भाजतें. हातब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा तांबडा दिवा राहिला तर गाडी पुढें नेऊं नये. बॅटरीचें चित्र असलेला दिवा चालत्या गाडींत लागला, तर दोष बहुधा ती भरणाऱ्या अल्टरनेटरमध्यें अथवा त्याच्या पट्ट्यांत असतो. इंजिनाचें चित्र असलेला पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश मेस्त्रीकडे नेतां येते. तो लुकलुकूं लागला तर इंजिनांत इंधन नीट जळत नाहीं असें समजून वेग उतरवावा व थांबावें.

किल्ली फिरवितांच हे दिवे क्षणभर लागतात व इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ही त्यांची स्वतःचीच परीक्षा होय. जो दिवा त्या वेळीं लागतच नाहीं, तो पुढें संकटांतही लागणार नाहीं. म्हणून त्याची प्रथम चौकशी करावी.

आतां मुख्य मुद्दा. ताप हें जसें रोगाचें लक्षण, तसा दिवा हें दोषाचें लक्षण होय. २०१३ सालापासून भारत स्टेज चार प्रतीच्या मोटारींस दोष नोंदविणारी सुधारलेली यंत्रणा सक्तीची झाली. स्कॅनर जोडला कीं ती सांकेतिक आंकडा दाखविते. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ म्हणजे इंधनाच्या मानानें हवा अधिक. परंतु ही हवा फाटक्या नळींतून शिरते कीं मोजणारा सेन्सरच बिघडला आहे, हें तो आंकडा सांगत नाहीं. तो वाचून लागलीच महागडा सेन्सर बदलणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

समुद्रकांठच्या गाडींत आणखी एक विशेष आढळतो. परस्परांशीं संबंध नसलेले दोन-तीन दिवे एकाच वेळीं, विशेषतः पावसाळ्यांत, लागतात. अशा वेळीं तीन रोगांऐवजीं एकाच कारणाचा संशय घ्यावा, आणि तें कारण पुष्कळदां बॅटरीच्या टोकांवर अथवा अर्थिंगच्या सांध्यावर सांपडतें. मोटारींत विजेचा परतीचा मार्ग गाडीचा सांगाडाच असतो. तांब्याची तार जेथें लोखंडास जोडलेली असते तेथें खारें पाणी सांठलें, म्हणजे दोन भिन्न धातू व क्षारयुक्त पाणी मिळून एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो व सांधा गंजतो. गंज विजेस अडवितो. ओम या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. सेल्फ मारतांना सुमारें १५० अँपिअर प्रवाह वाहतो असें धरल्यास, केवळ ०.०२ ओहम रोधानें ३ व्होल्ट वायां जातात. १२ व्होल्टांच्या गाडींत ही फार मोठी हानि आहे. तेवढ्यानें निर्दोष सेन्सरही चुकीचे आंकडे पाठवूं लागतात.

याची परीक्षा साध्या मीटरनें होते. पूर्ण भरलेली बॅटरी, इंजिन बंद असतां, सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां बहुतेक गाड्यांत हा आंकडा १३.५ ते १४.५ असतो. नंतर मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूस लावून सेल्फ मारावा. कांटा अर्ध्या व्होल्टहून वर गेल्यास अर्थिंग सदोष समजावें. तें साफ करतांना ऋण तार प्रथम काढावी व शेवटीं जोडावी. धातु चकचकीत होईपर्यंत घासून सांधा घट्ट करावा व वर व्हॅसलीन लावावें. हें काम मुलांनीं वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालींच करावें.

प्रत्येक घरच्या गाडींत एक वही असावी. कोणता दिवा, कोणत्या तारखेस, पावसांत कीं उन्हांत, इंजिन थंड असतां कीं तापल्यावर लागला, हें तींत लिहावें. स्वस्त व सोपी तपासणी आधीं करावी, आणि एका वेळीं एकच भाग बदलावा. दोन एकदम बदलल्यास गुण कशानें आला हें कळत नाहीं. वाळूवरून अथवा खाऱ्या पाण्यांतून आलेली गाडी खालच्या बाजूनें गोड्या पाण्यानें धुवावी.

एवढें करूनही एक गोष्ट विसरूं नये, ती ही कीं सर्वच दोषांस दिवा नसतो. ब्रेकचें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. असें पाणी मुरलेलें तेल फोंडा घाट अथवा आंबोलीचा घाट उतरतांना, ब्रेक तापले म्हणजे, उकळूं शकतें आणि ब्रेक पायाखालीं एकाएकीं ढिला पडतो. त्यापूर्वीं एकही दिवा लागत नाहीं. म्हणून तें तेल साधारणतः दोन वर्षांनीं बदलावें. तसेंच झिजलेले टायर व सांगाड्यास आंतून लागलेला गंज हे डोळ्यांनींच पाहावे लागतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नवी करावी लागते. त्या तपासणीपर्यंत थांबण्यापेक्षां दर वर्षीं मृगापूर्वीं गाडी उचलून खालून पाहणें हिताचें. गाडींत बसणारा पाहुणा असो वा आपलेंच मूल असो, त्याचा जीव चालविणाऱ्याच्या दक्षतेवर सोंपविलेला असतो.