वायर ऐकायची की गाणं?

स्पीकर घेतले, अ‍ॅम्प घेतला, आता म्हणे ४२ हजारांची केबल हवी! घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये पैसा कुठे ‘वाजतो’ आणि कुठे नुसताच वाहून जातो, त्याचा हा रोखठोक हिशोब.

पहिल्या नोकरीत बाइक, दुसरीत कॅमेरा आणि तिसरीत म्युझिक सिस्टिम. आपल्यातल्या गाणंवेड्यांचा प्रवास साधारण असाच होतो. लोकलच्या गर्दीत इअरफोन कोंबून वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. मग कधीतरी कुणाच्या घरी चांगल्या स्पीकरवर आपलंच रोजचं गाणं कानावर पडतं. त्यातला डग्गा असा काही घुमतो, की वाटतं, अरे, हा इतके दिवस होता कुठे? झालं! पुढच्या बोनसचा बेत तिथेच ठरतो.

इथपर्यंत सगळं सही आहे. गडबड होते ती नंतर. सिस्टिम घरी येते, चार दिवस मजेत जातात आणि मग कुणीतरी जाणकार भेटतो. सोफ्यावर टेकतो, मान तिरकी करतो आणि विचारतो, ‘‘केबल कुठली वापरतोस?’’

या एका प्रश्नावर अख्खी बाजारपेठ उभी आहे. सापासारख्या जाडजूड, जाळीदार वेष्टनातल्या स्पीकर केबल्स. चांदीच्या तारा. अ‍ॅम्पच्या किमतीच्या पॉवर कॉर्ड. वायर फरशीला टेकू नये म्हणून चिनीमातीचे ठोकळे. १९९०च्या सुमारास तर सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फासला की आवाज सुधारतो, अशी टूम निघाली होती. काचेच्या बरणीत खडे भरून स्पीकरजवळ ठेवायचे, हेही विकलं गेलंय. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

लॅम्पच्या वायरीपासून सुरुवात

१९७०च्या दशकात स्पीकर केबल नावाची वेगळी चीज जवळजवळ नव्हतीच. टेबललॅम्पला असते तसली साधी दुपदरी वायर लावायची आणि गाणी ऐकायची. १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या नोएल ली या इंजिनीअरने ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी काढली. गडी हौशी ड्रमरही होता. जाड तांब्याच्या तारा, देखणं पॅकिंग आणि ‘आवाज बदलतो’ हा दावा. दुकानदारांनाही गंमत कळली. सिस्टिमवर मार्जिन कमी, केबलवर घसघशीत. तेव्हापासून ‘सर, एवढी छान सिस्टिम घेतलीत, मग केबल पण...’ हे वाक्य जगभरच्या काउंटरवर ऐकू येतंय.

मीही ते ऐकलंय, अगदी समोर बसून. माझ्या ऑफिसातला एक मित्र बोनसच्या बळावर केबल घ्यायला निघाला, तेव्हा मी सोबत गेले होते. एसी डेमो रूम, मंद दिवे, मऊ कोच. सेल्समनने आधी साधी वायर लावून गाणं ऐकवलं, मग भारीतली केबल लावून. ‘‘सर, आता वेल उघडतोय, जाणवतंय? शंभर तास बर्न-इन झाल्यावर बघा.’’ मित्र डोळे मिटून मान डोलावत होता. माझं लक्ष मात्र अ‍ॅम्पच्या डिस्प्लेकडे होतं. दुसऱ्या वेळी आवाज दोन आकडे वर होता.

ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. तेच गाणं किंचित मोठ्याने वाजवलं, तर आपल्याला ते ‘मोठं’ नाही, ‘चांगलं’ वाटतं. जास्त उठावदार, जास्त खुललेलं. त्यामुळे आवाज अगदी सारखा ठेवल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे.

हिशोब मांडून बघू

शाळेतलं सायन्स आठवा. वायर विजेला अडथळा करते, त्याला रोध म्हणतात. तो मोजतात ओहममध्ये. बहुतेक घरगुती स्पीकर चार ते आठ ओहमचे असतात. वायरचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा, असा जुना ठोकताळा आहे.

आता इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. स्पीकर तीन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. रोध होतो ०.०४५ ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा अर्धा-पाऊण टक्का. आवाजातली घट म्हणाल तर ०.०५ डेसिबल. चार ओहमचा स्पीकर असेल तर याच्या दुप्पट. घरात बसून ऐकताना एका डेसिबलचा फरकही चटकन लक्षात येत नाही, हा तर त्याचा विसावा हिस्सा!

मग चांदीचं काय? चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहून नेते, हे खरं. पण किती? सहा-सात टक्क्यांनी. तेवढा फायदा तांब्याची तार जराशी जाड घेतली की फुकटात मिळतो.

डिजिटल केबलचा मामला आणखी सोपा. एचडीएमआय किंवा नेटवर्क केबलमधून सूर वाहत नाहीत, शून्य आणि एक वाहतात. ते नीट पोहोचले नाहीत तर आवाज तुटतो, कटकट होते, चित्रावर ठिपके येतात. ‘गायिकेचा आवाज जरा कमी मखमली’ असा बिघाड तिथे होत नाही. २०१५ साली ‘आर्स टेक्निका’ या अमेरिकन संकेतस्थळाने लास व्हेगासमध्ये लोकांना बसवून शेकडो डॉलरची नेटवर्क केबल आणि साधी केबल ऐकवली. कुणालाही फरक सांगता आला नाही.

डोळे झाका आणि सांगा

‘हिशोब ठीक आहे हो, पण मला ऐकू येतो ना फरक!’ हे वाक्य खोटं नसतं. बोलणाऱ्याला फरक खरंच जाणवत असतो. प्रश्न एवढाच, तो कानाला जाणवतो की डोळ्यांना?

१९८३मध्ये अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने श्रोत्यांना न दाखवता केबल्स ऐकवल्या. आवाज समान केल्यावर मॉन्स्टर केबल आणि लॅम्पची जाड वायर यातला फरक लोकांना संगीतात ओळखता आला नाही. अगदी बारीक तार मात्र पकडली गेली. म्हणजे कान बहिरे नव्हते, फरकच नव्हता.

२००७मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी खुलं आव्हान दिलं. १२ फुटांची ७,२५० डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेतीन-तीन लाखांची केबल आणि साधी केबल न बघता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नामांकित ऑडिओ समीक्षक तयारही झाला. पण केबल कंपनी मागे सरली आणि चाचणी झालीच नाही.

यात कुणाला हसायचं कारण नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४मध्ये हरमन कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकवले, एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआडून. दिसत असताना मोठ्या, महागड्या, आपल्या कंपनीच्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडदा पडताच गुण बदलले. रोज याच धंद्यात काम करणारी माणसं जर फसतात, तर तुम्ही-आम्ही कोण!

माझ्या मित्राला शोरूमने ती ४२ हजारांची केबल शनिवार-रविवार घरी वापरायला दिली होती. सोमवारी पैसे भरायचे किंवा केबल परत. त्याच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर आम्ही जमलो. अ‍ॅम्पसमोर चादर टांगली. तिच्यामागे मी, समोर तो, त्याची बायको आणि मेहुणा. नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी केबल, काटा आला तर घरातली जुनी वायर. आवाज जागचा हलवायचा नाही. दर वेळी भीमसेनजींच्या रेकॉर्डिंगचं तेच पहिलं मिनिट, कारण तंबोऱ्याच्या झंकारात फरक नक्की कळेल, असं मित्राचं म्हणणं होतं. दहा फेऱ्या. प्रत्येकाने कागदावर लिहायचं, बोलायचं नाही.

निकाल? मित्र दहापैकी पाच. बायको सहा. मेहुणा चार, त्यातल्या दोन फेऱ्या तो झोपला होता. प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता हा, कबूल. पण ४२ हजारांचा फरक असता तर इतपत चाचणीत दिसायला हवा होता.

मित्र जरा वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘तीन महिने मी रोज रात्री हेच एक मिनिट ऐकतोय. पुढचा राग काय सुंदर आहे, ते विसरलोच होतो.’’ मग आम्ही ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. कुणी उठलं नाही, कुणी फोन बघितला नाही. सोमवारी केबल परत गेली.

मला वाटतं, केबलच्या धंद्यातला खरा घाटा इथे आहे. पैसे जातात ते जातातच, वर ‘आपल्याला काहीतरी ऐकू येत नाहीये’ ही हुरहुर मागे लागते. माणूस गाणं ऐकायचं सोडून वायर ऐकायला लागतो.

वायर कुठे महत्त्वाची?

म्हणून मिळेल ती तार जोडायची, असंही नाही. स्वस्त सिस्टिमसोबत येणारी केसासारखी बारीक वायर दहा मीटरवरच्या स्पीकरला लावलीत, तर तिचा रोध पावणेदोन ओहमपर्यंत जातो. तिथे फरक पडतो, बरोब्बर ऐकू येतो.

टर्नटेबलवालेही लक्ष द्या. रेकॉर्ड वाजवणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजवर केबलच्या कपॅसिटन्सचा परिणाम होतो. तो प्रमाणाबाहेर गेला तर वरच्या पट्टीतले सूर बदलतात. काट्रिजच्या माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो, त्यात बसणारी, चांगल्या शील्डिंगची केबल घ्या. ती महागच असावी लागत नाही.

आणि स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल, तर भारी पॉवर कॉर्ड घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच जोडलेलं नसतं. सेटटॉप बॉक्स, टीव्ही आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले तरी ही गुणगुण सुरू होते. सगळं एका बोर्डावर घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

खरी केबल म्हणजे तुमची खोली

आता तो ०.०५ डेसिबल आठवा आणि हे वाचा. १२ फूट लांबीच्या बेडरूममध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर भोंगा, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच खर्ज गायब. जागेनुसार पडणारा हा फरक दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. खुर्ची दोन फूट सरकवल्याने जे होतं, ते कुठल्याही केबलने होत नाही.

वरच्या सुरांचा शत्रू म्हणजे आपल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या खिडक्या. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. झणझण परत आली, तर तुमचं गाणंही तसंच झणझणतंय. एक जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, बस्स. तीच खोली, तीच सिस्टिम आणि आवाज ओळखू येणार नाही.

बोनस हातात आहे? मग हे करा

• बजेटचा मोठा वाटा स्पीकरना द्या. दोन स्पीकरमधला फरक डोळे झाकूनही कळतो.

• ऐकायला जाताना आपलं रोजचं, पाठ असलेलं गाणं न्या. शोरूमचं नको. आवाज सारखा ठेवायला सांगा, लाजू नका.

• टीव्ही युनिटच्या खणात कोंबलेले स्पीकर बाहेर काढा. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समभुज त्रिकोण करा. वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा.

• पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दीड-अडीच स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर मोजून घ्या. ‘सीसीए’ म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, ती टाळा. लागेल तेवढीच घेतलीत तर खर्च दोघांच्या मल्टिप्लेक्स-पॉपकॉर्नएवढा.

• देखणी केबल आवडलीच, तर खुशाल घ्या. घड्याळ घेतो, पडदे घेतो, तशी. फक्त ती डोळ्यांसाठी घेतोय, हे लक्षात असू द्या.

• आणि उरलेल्या पैशांत सवाई गंधर्वचं तिकीट काढा. तिथे मंडपात तंबोरा जुळताना ऐकलात की घरच्या सिस्टिमकडून नेमकं काय हवंय, हे कुठल्याही सेल्समनपेक्षा तुम्हालाच जास्त चांगलं कळेल.