काढा उकळण्यापूर्वी

मैत्रिणींनो, घरात कुणाचे डोळे पिवळे दिसू लागले की आपल्या सोलापुरात पहिला सल्ला कोण देतं? डॉक्टर नव्हे, शेजारीण! "परसातली भुईआवळी वाटून द्या, गुळवेलीचा काढा सुरू करा." आणि तपासणीत साधी कावीळ नसून यकृताचा कर्करोग निघाला, तर मग विचारूच नका. येणारी प्रत्येक पाहुणी एक पाला सुचवून जाते. हे सारे प्रेमापोटीच असते. शिवाय झाडपाल्यात कर्करोगाचे औषध सापडते, ही काही थाप नाही.

आपल्या दारातली सदाफुलीच घ्या ना. जमैकात मधुमेहावर म्हणून तिच्या पानांचा चहा पीत. कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी ती पाने तपासली, तेव्हा साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर कमी झाल्या! त्यातूनच १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचे औषध हाती आले. नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. (त्यापायी बिचाऱ्या नरक्याची बेसुमार तोड झाली, ते वेगळेच.)

पण बघा, एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात आणि ते शिरेतून, मोजून देतात. सदाफुलीची पाने घरी चावून हे साधत नाही, उलट ती विषारी आहेत. आणि ही औषधे मुख्यतः दुसऱ्या कर्करोगांवर चालतात. यकृताच्या कर्करोगावर आज डॉक्टर देतात ती प्रमुख औषधे वनस्पतींतून आलेली नाहीत. चीनमध्ये २०२२ साली एपिमेडियम या वनस्पतीतल्या इकॅरिटिनला काही ठरावीक रुग्णांसाठी मान्यता मिळाली, एवढेच. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारते खरे, पण पोटात गेल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. भाजीत हळद खुशाल घाला. तिच्या गोळ्यांच्या नादी लागू नका.

भुईआवळीचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शोधून १९७६ चे नोबेल मिळवणारे ब्लुमबर्ग आणि मद्रासचे डॉ. त्यागराजन यांनी १९८८ साली जाहीर केले की, भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली. केवढी आशा वाटली असेल! कारण याच विषाणूमुळे पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. पण नंतर इतरांनी प्रयोग केले, तेव्हा तसा गुण दिसला नाही.

"गुण नाही तर नाही, अपाय तरी काय?" असं सासूबाई म्हणतील. अपाय आहे, बरं का. पोटात गेलेले बहुतेक सारे आधी यकृताकडेच जाते. ते गाळायचे, पचवायचे काम त्याचेच. आधीच दुखणाईत असलेल्या यकृतावर हे नवे ओझे कशाला? २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. पण २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद पुढे आली.

म्हणून घरात असे दुखणे असेल, तर काढा उकळण्याआधी डॉक्टरांना विचारा. आधीच दिला असेल तर तोही सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रक्ताच्या तपासणीचा अर्थ लावताना त्यांना ते कळायलाच हवे. कर्करोगाच्या उपचाराला फार लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे रुग्णालय आहे.

आणि आपल्या हातात काय आहे, म्हणाल तर पुष्कळ आहे. लेक-सून बाळंत झाली की बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस टोचली का, ते विचारा. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. दुसरे, आपली शेंगाचटणी! ओलसर शेंगदाण्यावर जी बुरशी येते, तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण होते. ते भाजून पुरते जात नाही. तेव्हा दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, खवट वासाचे दाणे "कुटल्यावर कुठे कळतंय" म्हणून खलबत्त्यात ढकलू नका. सरळ फेकून द्या, आणि उरलेले कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.