टीव्हीच्या पोटातला डबा

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात गच्चीवर चढून पाहा. मंठा असो, घनसावंगी असो की भोकरदन, पत्र्यांवर आणि स्लॅबवर छत्र्याच छत्र्या दिसतील आणि जवळपास सगळ्यांची तोंडं आग्नेयेकडे. आपल्याकडे दिसणारे टीव्हीचे बहुतेक उपग्रह त्याच बाजूच्या आकाशात आहेत. छत्रीपासून निघालेली काळी वायर खिडकीच्या फटीतून आत येते, एका डब्यात शिरते आणि डब्यातून लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना टीव्हीच्या पाठीत जातात. टीव्हीचं एक रिमोट, डब्याचं दुसरं. पाहुणा आला की त्याच्या हातात हमखास चुकीचं रिमोट पडतं आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडतं, ‘एव्हीवर घ्या आधी!’

हा डबा टीव्हीच्या आतच का बसत नाही, हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. टीव्हीने एक डबा याआधी गिळलेला आहे.

केबल नवी होती तेव्हाची गोष्ट. जुन्या टीव्हीला 12 चॅनेलची फिरकी असायची, कारण दूरदर्शनच्या टॉवरवरून येणाऱ्या लहरींसाठी तेवढीच सोय पुरेशी होती. केबलवाल्याला मात्र 12 घरांत भागेना. त्याने मधल्या मोकळ्या पट्ट्यात, ज्याला तंत्रज्ञ एस-बँड म्हणतात तिथे, चॅनेलं भरायला सुरुवात केली. ती जुन्या टीव्हीला दिसत नसत, म्हणून टीव्हीच्या डोक्यावर कन्व्हर्टर नावाची पेटी आली. काही वर्षांत कंपन्यांनी ‘हायपरबँड ट्यूनर’ अशी अक्षरं खोक्यावर छापून टीव्ही विकायला काढले. 470 मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा टीव्ही स्वतःच पकडू लागला आणि कन्व्हर्टर अडगळीत गेला. त्यासाठी ना कायदा लागला ना समिती, कारण त्या सिग्नलला कुलूपच नव्हतं. वायर ओढली की चित्र आलं. शेजाऱ्याने ओढली तर त्याच्याकडेही आलं, ही केबलवाल्याची खरी डोकेदुखी.

दुसऱ्यांदा डबा आला तो कुलूप घेऊनच. 2011 मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. मुंबईची मुदत 31 ऑक्टोबर 2012 ला संपली. दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत औरंगाबाद होतं, तिथली मुदत मार्च 2013. जालना शहर तिसऱ्या टप्प्यात गेलं आणि आजूबाजूची खेडी चौथ्यात, जो रखडत 31 मार्च 2017 पर्यंत आला. जालन्यातल्या मामाचं औरंगाबादच्या भाच्याकडे जाणं झालं असेल, तर त्याने तिथे डबा आधी पाहिला आणि स्वतःच्या घरी बऱ्याच वर्षांनी.

हा डबा तीन कामं करतो. वायरीतून आलेल्या गोंधळातून हवा तो प्रवाह वेगळा काढतो. दाबून बारीक केलेलं चित्र उलगडतो. आणि गिऱ्हाइकाने पैसे भरलेत की नाही ते बघून चॅनेलचं कुलूप उघडतो. पहिली दोन कामं आजचा साधा टीव्हीही करू शकतो, त्याला लागणाऱ्या चिपा स्वस्त आहेत. तिसरं काम अवघड, कारण किल्ली प्रत्येक कंपनीची वेगळी आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायची कुणाचीच तयारी नाही. डबा टीव्हीच्या बाहेर राहिला तो या किल्लीपायी.

तरीही एक प्रयोग झाला, आणि तोही जालन्यापासून फार लांब नाही. औरंगाबादच्या पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. धूत घराण्याच्या या कंपनीने 1980 च्या दशकात तोशिबाच्या सहकार्याने रंगीत टीव्ही बनवायला घेतले आणि मराठवाड्याचा शिक्का देशभरच्या दिवाणखान्यांत पोचवला. 2009 मध्ये याच समूहाने डीटूएच ही डीटीएच सेवा सुरू केली. टीव्ही बनवणारा आणि छत्रीवरून चॅनेल देणारा एकाच घरातला. मग किल्ली कुणाला द्यायची हा वादच उरला नाही. त्यांनी ‘सॅटेलाइट टीव्ही’ म्हणून असे संच बाजारात आणले ज्यांच्या आतच डीटूएचचा रिसीव्हर होता. छत्रीची वायर थेट टीव्हीत, रिमोट एकच.

कल्पना देखणी होती, पण तिच्यात एक गोम होती. असा टीव्ही घेतला की पैसे भरून पाहायच्या चॅनेलांसाठी तुम्ही त्या एका सेवेशी बांधले गेलात. उद्या दुसरी कंपनी स्वस्त झाली तर टीव्हीच्या पोटातला रिसीव्हर उगाच पडून राहणार आणि वरती पुन्हा एक डबा येणार. शिवाय घरं कायम एकत्र राहत नाहीत. मार्च 2018 मध्ये डीटूएच डिश टीव्हीत विलीन झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे.

यावर उपाय नाही असं नाही. कुलूप उघडणारा भाग तेवढा वेगळा करायचा, सिमकार्डासारखा. टीव्हीत खाच ठेवायची, सेवा बदलली की कार्ड बदलायचं. युरोपात 30 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हीला अशी मोकळी खाच असणं नियमाने बंधनकारक झालं. अमेरिकेत 2004 च्या सुमारास ‘केबलकार्ड’ आलं. 2007 पासून केबल कंपन्यांना स्वतःच्या डब्यातही तेच वापरायला लावलं, म्हणजे कार्ड नीट चालावं अशी त्यांचीही गरज राहील. युक्ती चांगली होती, तरी कार्ड फारसं रुजलं नाही. भाड्याच्या डब्यातून महिन्याला पैसे येत असताना कुठली कंपनी गिऱ्हाइकाला कार्ड नीट बसवून देईल? 2020 मध्ये तिथल्या नियामकाने नियम काढून टाकला.

आपल्याकडेही कागद कमी नाहीत. 2001 च्या डीटीएच मार्गदर्शक सूचनांतच डबे एकमेकांच्या सेवांवर चालावेत अशी अट आहे. म्हणून खाचा ठेवल्या गेल्या, त्यात घालायचं मॉड्यूल मात्र सामान्य गिऱ्हाइकाने कधी पाहिलंही नाही. एप्रिल 2020 मध्ये ट्राय या आपल्याकडच्या नियामकाने पुन्हा शिफारस केली, की देशातल्या प्रत्येक डिजिटल टीव्हीला यूएसबीवर चालणारी एक मोकळी खाच असावीच. शिफारस चोख आहे. आमच्या गल्लीत तिची कुणाला खबर नाही.

या सगळ्या भांडणाच्या बाहेर उभी आहे ती दूरदर्शनची छत्री. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने 33 चॅनेलांनिशी सुरू झालेली सेवा आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, मग महिन्याचं रिचार्ज नाही. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी घरात सगळ्यात आधी बंद होतो तो टीव्हीचा पॅक, आणि त्या घरात फ्री डिशची छत्री चढते. तिच्यावरच्या बहुतेक चॅनेलांना कुलूप नाही. मग तिच्यासाठी वेगळा डबा कशाला?

भारतीय मानक ब्यूरोने हेच ओळखलं. आयएस 18112:2022 हे मानक उपग्रह ट्यूनर अंगातच असलेल्या डिजिटल टीव्हीसाठी आहे. छत्रीच्या टोकाला जो एलएनबी असतो तो आकाशातून आलेल्या 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवून वायरीत सोडतो. त्या एलएनबीला वीजही त्याच वायरीतून द्यावी लागते. 13 व्होल्ट दिले तर तो एका ध्रुवणाच्या लहरी घेतो, 18 दिले तर दुसऱ्या. आजवर हे व्होल्ट डबा देत होता, आता टीव्हीने द्यायचे. एवढाच फरक. त्या वेळचे माहिती-प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनीही याचा आग्रह धरला होता. पण मानक वेगळं आणि सक्ती वेगळी. सरकार वेगळा आदेश काढत नाही तोवर असं मानक पाळायचं की नाही हे कारखानदाराच्या मर्जीवर.

माझं मत विचाराल तर फ्री डिशपुरता ट्यूनर टीव्हीत यायलाच हवा. पैशाच्या चॅनेलांसाठी मात्र मला डबा बाहेरच बरा वाटतो. एक तर प्रक्षेपणाची भाषा बदलते. एमपीईजी-2 वाचणाऱ्या जुन्या डब्याला एमपीईजी-4 मधली चॅनेलं दिसत नाहीत. डबा बदलणं परवडतं, पण टीव्ही दहा वर्षं चालवायचा असतो. दुसरं म्हणजे आपली वीज. ती कधी दिव्यासारखी मंद येते, कधी पंखा उडून जाईल अशी. मृगाचा पहिला कडकडाट झाला की गच्चीवरची छत्री आणि तिची वायर विजेला जणू आमंत्रणच देतात. झटका वायरीतून खाली उतरतो तो आधी डब्यात. तो डब्यावरच थांबेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पण पुष्कळदा डबा जळतो आणि टीव्ही वाचतो. ट्यूनर टीव्हीच्या मुख्य बोर्डावरच असेल तर जळेल तो बोर्ड, आणि बोर्डाचा भाव ऐकला की माणूस नवाच टीव्ही बघायला लागतो.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पावसाळ्यात डोकावलं तर मेलेल्या डब्यांची चळत दिसते. कारागीर डबा उघडायच्या आधी त्याचा 12 व्होल्टचा अडॅप्टर बदलून बघतो, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो. हिरवा दिवा लागला की गिऱ्हाईक डबा पिशवीत घालून चालू लागतं, आणि टीव्ही घरीच असतो, भिंतीवर.