पाव गोळी आणि एक अर्ज

वाचकहो, तुमच्या घरात लहान मूल असेल, तर हे दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. रात्रीची वेळ. मुलाचे अंग तापलेले. घरात औषध आहे, पण ते मोठ्यांचे. मग गोळीचे दोन तुकडे होतात, दोनाचे चार होतात. एक तुकडा चमच्यात चिरडला जातो, त्यात मध पडतो, आणि बाळराजे तो घोट आईच्या पदरावर थुंकून मोकळे होतात!

गेल्या दिवाळीत हे दृश्य मी कोडोलीला, माझ्या अक्काच्या स्वयंपाकघरात पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातले, पन्हाळा तालुक्यातले हे मोठे गाव. भोवती उसाचे मळे आणि जवळच वारणानगर. अक्का नातवासाठी गोळी विळीवर कापत होती आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शेजारी उभी राहून हसत होती.

"आई, ही पाव गोळी नाही. अर्धीला टेकलीय!"

"अगं, तुम्ही सगळी भावंडं अशाच गोळ्यांवर वाढलाय की!" अक्का म्हणाली.

भाची हसायची थांबली. "वाढलो, खरं आहे. पण ते नशीब होतं, आई. शास्त्र नव्हतं."

हे ती अधिकाराने बोलत होती. वारणानगरच्या तात्यासाहेब कोरे औषधनिर्माण महाविद्यालयात तिने पदवी घेतली, पुढे मुंबईला जाऊन पीएच.डी. झाली. आणि आता पुन्हा एक अर्ज भरायला बसली होती. मुलांसाठी औषधे कशी तयार करावीत, याचे दोन वर्षांचे प्रशिक्षण तिला परदेशात घ्यायचे होते.

"डॉक्टरेट झाली, आता आणखी कसलं शिक्षण?" मी विचारले. अक्काच्या मनातलाच हा प्रश्न होता. मुलगी तिशीला आली, अजून दोन वर्षे दूर जाणार, हे दुःख ती गोळीबरोबरच चिरडत होती.

मूल म्हणजे लहान माणूस नव्हे

"मामा," भाची म्हणाली, "मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती, असं आपण धरून चालतो. ते तसं नसतं."

मग तिने मला समजावून सांगितले. नवजात बाळाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठ्या माणसाहून बरेच जास्त असते. त्याचे यकृत काही औषधांचा निचरा करायला अजून शिकलेले नसते. मूत्रपिंडेही हळूहळू तयार होतात. म्हणून केवळ वजनाचा हिशेब करून मोठ्यांचे औषध मुलाला दिले, तर कधी ते कमी पडते, कधी जिवावर उठते. क्लोरॅम्फेनिकॉल या जंतुनाशकाने हा धडा जगाला दिला. नवजात बाळांना ते दिल्यावर काही बाळे राखेसारखी करडी पडून दगावली. त्यांच्या यकृताला ते औषध पेलत नव्हते, हे 1959 च्या सुमारास ध्यानात आले.

त्याहून जुनी गोष्ट 1937 ची. गोळी गिळता न येणाऱ्यांसाठी अमेरिकेत सल्फा औषधाचे गोड पातळ औषध निघाले. औषध विरघळवायला जे द्रव्य वापरले, ते डायएथिलीन ग्लायकॉल विषारी निघाले. शंभरावर माणसे गेली, त्यांत 34 मुले होती. त्यानंतर 1938 साली तिथे कायदा झाला, की औषध निर्धोक असल्याचे आधी दाखवा, मग विका.

हे सारे जुने झाले, असे म्हणून आपण सुस्कारा टाकावा, तर तीही सोय नाही. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुले खोकल्याच्या औषधाने आजारी पडली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. वीसहून अधिक मुले गेली. तपासणीत सापडले ते हेच विष.

उलट बाजूही आहे. क्षयरोगाच्या मुलांना वर्षानुवर्षे मोठ्यांच्या कडू गोळ्यांचे तुकडे दिले जात. 2015 च्या अखेरीस मुलांच्या मापाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या, फळांच्या चवीच्या गोळ्या निघाल्या. त्या बनवल्या मुंबईच्या मॅक्लिऑड्स कंपनीने. म्हणजे मनावर घेतले, तर हे काम होते आणि आपल्याकडेही होते!

अर्जातली मेख

अशा प्रशिक्षणाच्या अर्जात बहुधा चार गोष्टी मागतात. शिक्षणाची आणि संशोधनाची माहिती, छापलेले निबंध, गुरुजनांची शिफारसपत्रे, आणि आपल्याला हे का शिकायचे आहे याचे एक-दोन पानी निवेदन. पहिल्या तीन गोष्टी कष्टाने जमतात. घोडे अडते ते चौथ्यापाशी.

भाचीने आपले निवेदन मला मराठीत सांगितले. लहानपणापासून विज्ञानाची आवड, मानवजातीची सेवा, जागतिक दर्जाची संस्था... सगळे कसे झकास! पण हेच शब्द दुसऱ्या कोणीही लिहिले असते.

"यात अक्काची विळी कुठे आहे?" मी विचारले.

"मामा, असलं घरगुती लिहितात का कुठं?"

तेव्हा मला आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले, ते कोल्हापुरातूनच. ते एका अमेरिकन मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले, आणि तिथून पुढचे सारे घडले. आनंदीबाईंचे बाळ जन्मल्यावर दहाच दिवसांत गेले होते. 1883 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करताना, प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू, हे त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातल्या दुःखी स्त्रियांना वैद्यकीय मदत द्यायची आहे, हा हेतू मात्र सरळ सांगितला. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली. पण 1887 च्या फेब्रुवारीत मृत्यूने त्यांना गाठले.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने निवेदनाचा पहिला परिच्छेद खोडला आणि तिथे लिहिले, की माझी आई विळीवर गोळी कापते, आणि तो तुकडा बरोबर पाव आहे की नाही, हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही.

एक अट

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरल्या चेहऱ्याने चहाला आली. ज्या जागेवर तिचे मन बसले होते, ती अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय प्रशिक्षण-अनुदानावर चालणारी होती. अशा जागा तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच मिळतात. ही अट माहितीपत्रकाच्या तळाशी होती, आणि तिने ते पत्रक वरूनच वाचले होते!

अक्काच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव दिसला. पण तेवढ्यात नातवाने पुन्हा औषध थुंकले. अक्काने पदर पुसला आणि म्हणाली, "दुसरीकडं लिही की. एकाच दुकानात मिळतं का सगळं?"

खरेच, दुकाने आणखीही आहेत. पीएच.डी. झालेल्या भारतीयांना अमेरिकेत संशोधनासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती असते. आपल्याच देशात अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिला वयाची मर्यादा 35 वर्षे असून स्त्रियांना पाच वर्षांची सवलत मिळते. एखाद्या संस्थेतले मार्गदर्शक मात्र आधी गाठावे लागतात. वैद्यकीय पदवीनंतर औषधशास्त्रात एम.डी. झालेल्यांना मुंबईच्या के.ई.एम.मध्ये याच वाटेने पुढे जाता येते. ज्यांची मुले या वाटेवर आहेत, त्या आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे: आधी पात्रतेची अट वाचावी, मग स्वप्ने पाहावीत.

भाचीने भाऊबिजेच्या रात्री दोन अर्ज पाठवले, एक देशातला आणि एक परदेशातला. दोन्हींची सुरुवात विळीपासूनच होती.

उत्तरे अजून यायची आहेत. अक्का मात्र फोनवर दर आठवड्याला विचारते, "आलं का गं काही?" विळीवर गोळी कापणे तिने बंद केले आहे. डॉक्टरांना विचारून मुलांचे औषध आणते, आणि ते स्वयंपाकघरातल्या चमच्याने न देता औषधाच्या मापानेच देते. परवा मला म्हणाली, "ती गेली तर घर सुनं होईल रे. पण ती शिकून आली, तर कुणाच्या तरी घरात ही विळीची पाळी येणार नाही."

एवढे बोलून तिने फोन ठेवला. नातवाच्या औषधाची वेळ झाली होती.